कोळशाचा कर कोणी भरला, गेला कुठे?

‘जो प्रदूषण करील तो भरपाई देईल’ हे तत्त्व ऐकायला गोड आहे. पण मित्रांनो, बाबासाहेबांनी १९१५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला, तेव्हापासून आपल्याला एक सवाल ठाऊक आहे: कर कोणाकडून घेतला आणि खर्च कोणावर झाला?

हाच सवाल कोळशाला विचारू. २०१० साली केंद्र सरकारने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसवला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. सांगितले गेले, यातून स्वच्छ ऊर्जेचा निधी उभा राहील. २०१७-१८ पर्यंत सुमारे ८६ हजार कोटी रुपये गोळा झाले. निधीत पोचले ३० हजार कोटींहून कमी, वापरले गेले १६ हजार कोटींहून कमी. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हेच ४०० रुपये राज्यांच्या महसुली नुकसानभरपाईकडे वळवले. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर रद्द झाला, कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. आता पर्यावरणाचे नावही उरले नाही.

भरले कोणी? इंधनाचा खर्च वीजदरात चढतो. म्हणजे झोपडीतल्या बिलातही तो आहेच. आणि राख कोणाच्या वाट्याला? चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या वस्त्यांत जाऊन बघा. जमीन गेली तर सातबारावाल्याला मोबदला मिळतो. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याची फुफ्फुसे जातात, पण नोंद कुठेच होत नाही. भूमिहीन कोण आहेत, हे वेगळे सांगायला नको.

विद्वान म्हणतात, पैसा तिजोरीत गेला म्हणजे सर्वांचाच झाला. ‘सर्वांचे’ म्हणजे काय ते आम्ही महाडला पाहिले आहे. नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. पाणी प्यायला मात्र १९२७ चा सत्याग्रह करावा लागला.

आमचा विरोध कराला नाही. उष्णतेचा पहिला तडाखा उन्हात राबणाऱ्यालाच बसतो. विरोध आहे तो कराच्या रचनेला. या कराचा ठरावीक हिस्सा कायद्याने बांधून द्या. तो राखेच्या गावांतल्या दवाखान्यांवर, भूमिहीन कुटुंबांवर आणि वीजकेंद्र बंद पडताच सर्वांत आधी घरी बसवल्या जाणाऱ्या कंत्राटी कामगारांवर खर्च करा. हिशेब ग्रामसभेत मांडा.

पुढचे ‘हरित’ धोरण आले की टाळ्या वाजवण्याआधी विचारा: भरणार कोण, मिळणार कोणाला?

जय भीम!