मैदानावरून : चार चषक आणि एकोणीस सामने

गेल्या महिन्यात सुट्टीला आलेला भाचा रात्री मॅच बघता बघता म्हणाला, "मामू, सीडॉर्फने चार वेळा चॅम्पियन्स लीग जिंकली. मग कोच म्हणून तो कुठेच टिकला कसा नाही?" मी चहा मागवून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही.

क्लॅरेन्स सीडॉर्फचा जन्म १ एप्रिल १९७६ चा, सुरिनामच्या पारामारिबो शहरातला. दक्षिण अमेरिकेतला हा छोटा देश चारच महिन्यांपूर्वी डच सत्तेतून मोकळा झाला होता. (हिंदुस्तानातून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांचे वंशज तिथे आजही आहेत, आणि पारामारिबोत मशीद आणि ज्यूंचे प्रार्थनास्थळ शेजारी-शेजारी उभे आहे.) तो लहान असतानाच कुटुंब हॉलंडमध्ये अल्मेरे गावी आले.

सोळाव्या वर्षी तो आयाक्सच्या पहिल्या संघातून खेळला. १९९५ मध्ये आयाक्सने मिलानला हरवून युरोपचा चषक उचलला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. १९९८ मध्ये रेआल माद्रिदकडून दुसरा, मग मिलानकडून २००३ आणि २००७ मध्ये आणखी दोन. तीन वेगवेगळ्या क्लबांकडून हा चषक जिंकणारा तो पहिलाच. मैदानाच्या मध्यात उभे राहून दोन्हीकडचा खेळ वाचायचा, पायात ताकद असूनही घाई करायची नाही, हा त्याचा खाक्या.

मला मात्र त्याचे चषक आठवत नाहीत, पेनल्टी आठवतात. १९९६ च्या युरो स्पर्धेत फ्रान्सविरुद्ध त्याची पेनल्टी अडवली गेली आणि हॉलंड घरी गेले. पुढच्या वर्षी तुर्कस्तानविरुद्ध पुन्हा चुकली. डच लोकांनी त्याला बोल लावले. तरी २००३ च्या अंतिम सामन्यात, युव्हेंटसविरुद्ध, तो पुन्हा त्याच ठिपक्यावर जाऊन उभा राहिला. बुफोनने तीही अडवली! मिलान जिंकले म्हणून निभावले. पण पुढे जाणाऱ्याचीच पेनल्टी चुकते, मागे उभा राहणाऱ्याची कशी चुकणार?

कोच म्हणूनही तो असाच थेट पुढे गेला. जानेवारी २०१४ मध्ये ब्राझीलच्या बोताफोगोकडून खेळत असताना मिलानचे बोलावणे आले. त्याने बूट काढले आणि सरळ मुख्य कोचच्या जागी बसला. संघ अकराव्या स्थानावर होता. लीगच्या उरलेल्या १९ सामन्यांत त्याने ३५ गुण मिळवले, संघ आठवा आला, शेजारच्या इंटरलाही हरवले. जूनमध्ये त्याला काढले. हा निकाल मला आजही पटत नाही. वाईट हंगामाच्या मध्यावर घर सावरायला बोलवायचे आणि नवा हंगाम सुरू करायला द्यायचा नाही, हा कुठला न्याय?

पण दुसरी बाजूही आहे. त्याच मिलानमध्ये सीडॉर्फला ज्याने खेळवले तो आन्चेलोत्ती स्वतःही मोठा मिडफिल्डर. तो आधी इटलीच्या संघात साक्कीचा सहायक झाला, मग रेज्जानासारख्या लहान क्लबात गेला, मग मोठ्या घरी. सीडॉर्फने ती शिकाऊपणाची वर्षे घेतलीच नाहीत. पुढे चीनमध्ये शेन्झेन, तिथे काही महिने. २०१८ मध्ये स्पेनचे देपोर्तिवो, ते खालच्या श्रेणीत गेले. मग कॅमेरून, २०१९ च्या आफ्रिकन स्पर्धेत नायजेरियाकडून ३-२ अशी हार आणि तिथूनही रवानगी. प्रत्येक वेळी तुटत आलेली गाडी हाती आली, हेही खरेच.

मार्च २०२२ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारल्याचे जाहीर केले, तेव्हा आपल्या घराघरांत त्याचा फोटो फिरला. आई-वडिलांनी दिलेले नाव बदलणार नाही, हे त्याने त्याच वेळी सांगितले होते. ते फारसे कुणी पुढे पाठवले नाही. मला तेच जास्त आवडले होते.

भाच्याच्या प्रश्नामागचे कारण आपाने नंतर सांगितले. कॉलेजच्या संघातला हा चांगला खेळाडू. मोहल्ल्यातल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांना शिकवायला सांगितले, तर पहिल्याच दिवशी त्यांच्यावर ओरडून घरी आला. जे आपल्याला आपोआप जमते ते दुसऱ्याला का जमत नाही, हे त्याला कळत नव्हते.

परवा फोनवर त्याला ही सगळी हकीकत सांगितली. आन्चेलोत्तीचा भाग त्याने दोनदा विचारला. पोरे दर रविवारी सकाळी सातला येतात, त्याच्याकडे चेंडू दोनच आहेत. तिसरा मी पाठवतो आहे.