वायुदलाचा खरा गौरव

८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झालेल्या भारतीय वायुदलाची पहिली तुकडी १९३३ साली कराचीस अवघ्या ४ वापिती विमानांनिशी उभी राहिली. १९७१ साली श्रीनगरच्या आकाशात सेबर विमानांशी झुंजताना धारातीर्थी पडलेल्या निर्मलजितसिंग सेखों यांनी या दलास परमवीरचक्राचा मान मिळवून दिला. वर्धापनदिनी अशा वीरांस आमचे वंदन असो.

परंतु २०२५ साली मिग-२१ निवृत्त झाल्यावर मंजूर ४२ तुकड्यांपैकी २९च उरल्या. आणि १९८३ साली मंजूर झालेल्या तेजसची पहिली तुकडी उभी राहण्यास २०१६ साल उजाडावे लागले! वैमानिकांच्या शौर्याने राज्यकर्त्यांची व कारखान्यांची दिरंगाई झाकावी, हा न्याय नव्हे. टाळ्यांबरोबर नागरिकांनी या दिरंगाईचा जाबही विचारावा. वायुदलाचा खरा गौरव त्यातच आहे, असे आम्हांस वाटते.