आद्य कोणास म्हणावे? डेमॉनिक रिझरेक्शन आणि मुंबईचे डेथ मेटल

१/
करंजाडेतील आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी राहतो. रात्री दहानंतर तो रबरी पॅडवर ड्रमचा रियाज करतो; शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. परवा जिन्यात भेटला आणि त्याने विचारले, "काका, आपल्याकडे डेथ मेटल सर्वांत आधी कोणी वाजवले?" हा धागा त्या प्रश्नाचे उत्तर आहे. उत्तर एका नावात देता येईल, पण ते नाव का द्यायचे हे सांगायला थोडा फेरा घ्यावा लागेल.

२/
प्रथम संज्ञा समजून घेऊ. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा सैल करून खालच्या स्वरात लावलेल्या. ड्रमवर ‘ब्लास्ट बीट’, म्हणजे स्नेअर आणि पायाने वाजणारा बेस ड्रम यांचा अतिजलद, अखंड मारा. गायनाच्या जागी घोगरी गर्जना, ‘ग्राउल’. ही गर्जना म्हणजे घसा फाडून ओरडणे नव्हे. पोटातल्या श्वासाचा आधार घेऊन, मुख्य स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांना कंपित करून ती काढावी लागते. तिचाही रियाज असतो.

३/
उगम अमेरिकेतला. कॅलिफोर्नियाच्या ‘पझेस्ड’ने १९८४ साली ‘डेथ मेटल’ याच नावाचा डेमो काढला आणि १९८५ साली ‘सेव्हन चर्चेस’ हा अल्बम. फ्लॉरिडात चक शुल्डिनर यांनी १९८३ साली ‘मँटास’ स्थापन केला. पुढच्याच वर्षी त्याचे नाव ‘डेथ’ झाले आणि १९८७ साली ‘स्क्रीम ब्लडी गोर’ आला. १३ डिसेंबर २००१ रोजी, अवघ्या ३४व्या वर्षी, शुल्डिनर गेले. या शैलीचा जनक कोण, पझेस्ड की डेथ, हा वाद आजही मिटलेला नाही.

४/
मराठी वाचकाला हा वाद अपरिचित वाटू नये. १८ मे १९१२ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ झळकला. ३ मे १९१३ रोजी त्याच थिएटरात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’. तारीख पाहिली तर तोरणे आधी. तरीही भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आपण फाळक्यांचे नाव घेतो. का?

५/
नेहमीचे उत्तर असे: ‘पुंडलिक’ हे रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते, कॅमेऱ्यामागे परदेशी माणूस होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली. मला याहून महत्त्वाचे वाटते ते फाळक्यांनी पुढे काय केले हे. कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र त्यांनी विलायतेहून आणवले. घरातच अंधारखोली केली. सरस्वतीबाई त्या कामात बरोबरीने राबल्या. माणसे शिकवून तयार केली. त्यांच्यामागे इतरांना चालता येईल अशी वाट उरली.

६/
हीच कसोटी घेऊन आपल्या विषयाकडे येऊ. केवळ कालक्रम पाहिला तर मान मुंबईला मिळत नाही. बंगळूरचा ‘डाइंग एम्ब्रेस’ १९९१ साली उभा राहिला आणि डेथ व डूम मेटलच्या सीमेवरचे संगीत वाजवू लागला. मुंबईकराने हे आधी मान्य करावे. इतिहासात गावाचा अभिमान पुरावा ठरत नाही.

७/
नव्वदच्या दशकातली मुंबई आठवा. हे संगीत येथे पोचत असे ते काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधल्या कॅसेटींतून, मित्रामित्रांत फिरणाऱ्या नकलांतून आणि नव्याने आलेल्या केबलवरून. १९९३ साली अलाहाबादहून अमित सैगल यांचे ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघू लागले. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरत असे. श्रोते मात्र बहुधा परदेशी गाण्यांच्या हुबेहूब नकलेची फर्माईश करीत. स्वतःची गाणी वाजवणे हेच धाडस होते.

८/
अशा शहरात २००० साली विशीच्या उंबरठ्यावरील साहिल मखिजा यांनी ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ची स्थापना केली. त्याच वर्षी पहिला अल्बम आला: ‘डेमनस्टीलर’. पुढे मखिजा यांनी रंगमंचावर हेच नाव धारण केले. डेथ मेटलची गर्जना, ब्लॅक मेटलचा काळोख आणि कीबोर्डवर उभारलेला वाद्यवृंदाचा भव्य आभास अशी ही मिसळण होती.

९/
आता याच्या जोडीला दुसरी घटना ठेवा. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियमही २००० सालचेच. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला. रंगभवनाच्या एका अंगाला सेंट झेवियर्स महाविद्यालय, आसपास रुग्णालये. पुढील काही वर्षांतच ज्या खुल्या रंगमंचाने १९७८ साली पहिली ‘जॅझ यात्रा’ पाहिली होती, तो संगीतापुरता मुका झाला. रुग्णाच्या झोपेचा हक्क मी नाकारत नाही. पर्यायी जागा कोणी दिली नाही, ही माझी तक्रार आहे.

१०/
म्हणजे परिस्थिती अशी: या संगीताचे ध्वनिमुद्रण जाणणारा स्टुडिओ नाही, छापणारी कंपनी नाही, वाजवायला मंच नाही. मखिजा यांनी तिन्ही गोष्टी स्वतः उभ्या केल्या. स्वतःचा स्टुडिओ मांडला. ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही केवळ मेटलला वाहिलेली संस्था काढली आणि तिच्याकडून इतर भारतीय बँडचे अल्बमही प्रसिद्ध केले. ‘रिझरेक्शन’ आणि पुढे ‘डॉमिनेशन : द डेथफेस्ट’ हे महोत्सव भरवले. तमाशाच्या भाषेत सांगायचे तर वग लिहिणारा, नाचणारा आणि फड चालवणारा एकच माणूस.

११/
संगीताची वाटचाल थोडक्यात. २००५ साली ‘अ डार्कनेस डिसेंड्स’. २०१० साली ‘द रिटर्न टू डार्कनेस’, जो ब्रिटनच्या कँडललाइट रेकॉर्ड्सने जगभर नेला. त्याच वर्षी नॉर्वेच्या इन्फर्नो महोत्सवात वादन आणि ‘मेटल हॅमर’ नियतकालिकाचा ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार. २०१४ साली ‘द डेमन किंग’, २०१७ साली ‘दशावतार’. स्थापनेपासून सतरा वर्षांत ही मजल गाठणाऱ्या बँडमागे ना सरकार होते, ना चित्रपटसृष्टी.

१२/
पहिला आक्षेप शुद्धतावाद्यांचा: कीबोर्ड आहे, मधूनच सुरेल गायन आहे, मग हे डेथ मेटल कसे? मला हा आक्षेप विशेष जड वाटत नाही. शुल्डिनर यांचा ‘डेथ’देखील शेवटच्या अल्बमांत इतका गुंतागुंतीचा झाला होता की पहिल्या अल्बमवर भाळलेल्यांना तो परका वाटावा. घराण्याचा संस्थापकच घराण्याच्या चौकटी मोडतो, हे आपल्या संगीताच्या इतिहासात आपण पाहिलेलेच आहे.

१३/
दुसरा आक्षेप जड आहे: इंग्रजी शब्द, महागडी गिटार, सुस्थितीतल्या घरांतली मुले, याचा महाराष्ट्राच्या संस्कृतीशी संबंध काय? वर्गाचा मुद्दा मान्य करायला हवा. ड्रमचा संच आणि तो वाजवण्याइतकी खोली ज्याच्याकडे आहे, त्यालाच हा छंद परवडत असे. ते नाकारून लिहिलेला इतिहास खोटा होईल.

१४/
काही जण ‘दशावतार’कडे बोट दाखवून सांगतात की बघा, हे आपलेच. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक गाणे, सोबत भारतीय वाद्ये. कोकणात दशावतारी नाटके रात्र रात्र पाहिलेल्या माणसाला हा विषय जवळचा वाटणारच. तरीही विषय पुराणातला म्हणून संगीत आपले ठरते, हा युक्तिवाद मला पटत नाही. मग मधले सतरा वर्षांचे काम परके ठरेल.

१५/
माझ्या मते ते आपले आहे, कारण ते येथल्या परिस्थितीने घडवले. रात्री दहाची ध्वनिमर्यादा आणि शेवटची लोकल यांनी मुंबईतल्या कार्यक्रमांचा आकार ठरवला. अंधेरी-जुहूच्या मैफिलीहून पनवेलला परतणाऱ्या पोराने शेवटचे गाणे कधी ऐकलेच नाही. ते गाणे सुरू होताना तो स्थानकाकडे धावत असे. शहराचा इतिहास अशाच गोष्टींनी बनतो.

१६/
आणि वाट खरोखर उरली. २००३ साली ‘भयानक मौत’ हा बँड निघाला. नाव ऐकूनच कळते की आता परदेशी वाटण्याची गरज उरली नव्हती. २००७ साली ‘गटस्लिट’ आला, ज्याच्या पगडीधारी बासवादकाची छबी युरोपातल्या रंगमंचांपर्यंत गेली. या साऱ्याचे श्रेय मखिजा यांना देणे अन्यायाचे ठरेल. महाविद्यालयीन महोत्सव, छोटे क्लब, आयोजक आणि स्वतः ते वादक अशा अनेकांचे हात त्यात आहेत. पण एकाने करून दाखवले की दुसऱ्याला ते अशक्य वाटत नाही.

१७/
आता ज्यासाठी हा धागा लिहिला तो मुद्दा. या पिढीच्या अनेक बँडनी आपली गाणी ‘मायस्पेस’वर ठेवली होती. मार्च २०१९मध्ये त्या कंपनीने जाहीर केले की सर्व्हर हलवताना जुनी सामग्री नष्ट झाली. आकडा सांगितला गेला तो ५ कोटींहून अधिक गाण्यांचा. इंटरनेट आर्काइव्हला त्यांतली सुमारे ४ लाख ९० हजार परत मिळवता आली. म्हणजे शंभरांतले जेमतेम एक. कित्येक पहिले डेमो, एकेका वर्षात फुटलेले बँड, सारे गेले.

१८/
आपल्याला हेही ओळखीचे आहे. ‘पुंडलिक’ची प्रत आज उपलब्ध नाही. ‘आलम आरा’ची नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि मूकपटांच्या काळापासूनचे अमोल चित्रपट जळाले. तरी चित्रपटामागे वर्तमानपत्रांतील जाहिराती आणि परीक्षणे होती, म्हणून तोरणे यांची तारीख आपण आज सांगू शकतो. गराजमध्ये वाजणाऱ्या बँडची जाहिरात कोणत्या दैनिकात येणार?

१९/
नवी मुंबईत जानेवारी २०२५मध्ये ‘कोल्डप्ले’चे कार्यक्रम झाले. त्यांचा इतिहास लिहायला पुढे साधनांची वाण पडणार नाही. पन्नास श्रोत्यांसमोर झालेल्या मैफिलीची गोष्ट वेगळी. तिचा पुरावा म्हणजे एखादे झेरॉक्स केलेले पत्रक, फाटके तिकीट, कोणाच्या तरी जुन्या हार्ड डिस्कवरची फीत. तुम्ही शिलालेखांचे ठसे घेता, मोडी कागद वाचता. त्याच शिस्तीने हेही जमवा: तारीख लिहा, ठिकाण लिहा, कोणी दिले ते लिहा. जे वाजवत होते ते आज चाळिशीत आहेत, स्मृती शाबूत आहे. त्यांच्या मुलाखती आताच घ्या.

२०/
वरच्या मजल्यावरच्या मुलाला मी उत्तर दिले. सर्वांत आधी कोणी वाजवले, ते बंगळूरकरांना विचार. तुझ्या-माझ्या शहरात ज्याने वाट पाडली त्याच्या बँडचे नाव डेमॉनिक रिझरेक्शन. तो हसला. मग मी त्याला विचारले, "तुझ्या बँडने आजवर किती कार्यक्रम केले?" म्हणाला, "चार." "तारखा?" त्याला एकच आठवली. उरलेल्या तीन शोधून वहीत लिहून काढ, असे सांगून मी खाली आलो.

धागा समाप्त. कोणाकडे रंगभवनाची जुनी तिकिटे किंवा पत्रके असतील तर त्यांची छायाचित्रे खाली अवश्य द्यावीत, तारखेसह.