नाबोथाचा मळा आणि चर्चची बाजू

केरळातील इडुकी मतदारसंघात २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी एका जिवंत माणसाची अंत्ययात्रा काढण्यात आली. हा माणूस म्हणजे तेथील काँग्रेसचे तत्कालीन खासदार पी. टी. थॉमस, ते जन्माने कॅथलिक होते. माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाटाविषयीचा अहवाल योग्य आहे, असे ते उघडपणे सांगत होते, एवढाच त्यांचा अपराध. त्या लुटुपुटीच्या अंत्ययात्रेत धर्मगुरूही सामील झाले होते. पुढे पक्षानेही थॉमस यांना उमेदवारी नाकारली.

ख्रिस्ती श्रद्धा आणि सृष्टीचे रक्षण यांचा संबंध काय, हा प्रश्न एरवी ग्रंथांच्या आधारे चर्चिला जातो. १९६७ मध्ये लिन व्हाइट या अमेरिकी इतिहासकाराने पाश्चात्त्य जगातील निसर्गविध्वंसाचे मूळ ख्रिस्ती परंपरेच्या मानवकेंद्री दृष्टीत शोधले, आणि त्यावरचा वाद अद्याप मिटलेला नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मानवाला पृथ्वीवर सत्ता दिली आहे हे खरे. पण दुसऱ्याच अध्यायात त्याला बागेची मशागत व राखण करण्यासाठी ठेवले आहे, हेही तितकेच खरे. लेवीय ग्रंथ तर त्याहून पुढे जातो. दर सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा, पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, कारण जमीन अखेर देवाची आहे, माणूस तिच्यावरचा पाहुणा आहे, असे तेथे सांगितले आहे. जमीनधारणेच्या प्रश्नावर आयुष्य वेचणाऱ्या कार्यकर्त्यांना हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हाच धागा पुढे नेला. सत्तेच्या त्या वचनाचा ख्रिस्ती लोकांनी कधीकधी चुकीचा अर्थ लावला, अशी कबुली त्यात आहे; आणि पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश वेगळे काढता येत नाहीत, हे त्याचे मुख्य प्रतिपादन आहे.

परंतु धर्मग्रंथ काय सांगतो याने चर्चची कसोटी लागत नाही. जमिनीचा प्रश्न दारात येतो तेव्हा ती लागते.

इडुकीत ती कशी लागली हे नीट समजून घेतले पाहिजे. तेथील ख्रिस्ती शेतकऱ्यांचे पूर्वज अन्नटंचाईच्या काळात, सरकारच्याच उत्तेजनाने, डोंगर चढून गेले. जंगल तोडून त्यांनी शेती उभी केली. पण जमिनीचे पट्टे अनेकांना पिढ्यान्‌पिढ्या मिळाले नाहीत. अशा माणसाला ‘संवेदनशील क्षेत्र’ हा शब्द निर्वासनाच्या नोटिशीसारखा ऐकू आला, तर त्यात त्याचा दोष नाही. त्यातून सरकारने २०११ चा हा अहवाल आधी दडवूनच ठेवला. माहिती अधिकाराचा लढा झाला तेव्हा कुठे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. क्षेत्राच्या सीमा ग्रामसभांनी चर्चा करून ठरवाव्यात, ही त्यातील सर्वांत लोकशाहीवादी शिफारस लोकांपर्यंत पोचलीच नाही. ती पोचविण्याची यंत्रणा कोणाकडे होती? प्रत्येक वाडीत चर्च होते, दर रविवारी प्रवचन होते. त्या व्यासपीठावरून शेतकऱ्याचे भय दूर करता आले असते. ते वाढविण्यात आले. दगडखाणवाले आणि रिसॉर्टवाले यांना पुढे यावेच लागले नाही. लहान शेतकऱ्याच्या आडोशाला उभे राहून त्यांचे काम परस्पर झाले.

येथे डाव्यांनीही आपला वाटा मान्य केला पाहिजे. २०१३ च्या नोव्हेंबरात कस्तुरीरंगन अहवालावरील केंद्राच्या आदेशाविरुद्ध केरळात हरताळ झाला तो डाव्या आघाडीच्या हाकेने; आणि धर्मगुरूंच्या नेतृत्वाखालील डोंगरी संरक्षण समितीचा माणूस इडुकीतून निवडून आला तो त्याच आघाडीच्या पाठिंब्याने. चर्च आणि कम्युनिस्ट यांचे केरळात १९५७ पासून विळ्याभोपळ्याचे सख्य. ते एकत्र आले ते याच मुद्द्यावर! मतांचे गणित जमले. २०१८ च्या महापुरात केरळात चारशेहून अधिक माणसे गेली. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमधील मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्या चिखलाखाली गेल्या. तो वैतिरी तालुका गाडगीळ समितीने सर्वाधिक संवेदनशील वर्गात घातलेला होता. मेलेल्यांत चहामळ्यांतील मजूर कुटुंबे होती, हे वेगळे सांगायला नको.

याच धर्माची, याच कॅथलिक चर्चची दुसरी कहाणी महाराष्ट्रात वसईला घडली. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला पिकविणाऱ्या त्या पट्ट्यावर १९८०च्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांची नजर पडली. विहिरींचे पाणी टँकरने उपसून नेले जाऊ लागले, बावखले बुजू लागली. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. गुंडगिरीच्या दहशतीने तोंड उघडायला लोक कचरत होते, त्या काळात एक धर्मगुरू झगा घालून मोर्चाच्या पुढे चालला. धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावे लागले. महत्त्वाचे हे की, तो लढा केवळ ख्रिस्ती शेतकऱ्यांचा राहिला नाही. हिंदू शेतकरी, शिक्षक, सेवादलाच्या संस्कारातले कार्यकर्ते त्यात आले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून दिब्रिटो यांनी हा प्रश्न मराठी वाचकांपर्यंत नेला.

बायबलात नाबोथाची कथा आहे. राजवाड्यालगतचा त्याचा द्राक्षमळा अहाब राजाला भाजीच्या बागेसाठी हवा होता. किंमत देऊ केली, बदली मळा देऊ केला. वाडवडिलांची जमीन विकणार नाही, असे नाबोथ म्हणाला. खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी ठार मारण्यात आले. वसईच्या वाड्यांमध्ये या कथेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वसई वाचली असे मात्र म्हणता येणार नाही. नालासोपारा, विरार पाहिले की हरलेले रणांगण किती मोठे आहे ते दिसते. पण जे हिरवे उरले आहे त्याच्या मागे तो लढा आहे.

दोन्ही ठिकाणी धर्मग्रंथ एकच होता. दोन्ही ठिकाणी शेतकरी आपली जमीन जाईल म्हणूनच भ्याला होता. वसईत धर्मगुरूने अहाब कोण हे ओळखले आणि लोकांना दाखविले. इडुकीत शास्त्रज्ञालाच अहाब ठरविण्यात आले.

पी. टी. थॉमस २२ डिसेंबर २०२१ रोजी वारले. आपल्यावर धार्मिक अंत्यसंस्कार करू नयेत, असे त्यांनी सांगून ठेवले होते. त्यांचे दहन झाले. नंतर त्यांच्या इच्छेनुसार अस्थींचा काही भाग इडुकीतील उप्पुतोड येथील चर्चच्या दफनभूमीत, त्यांच्या आईच्या थडग्यात ठेवण्यात आला.