कान, काटा आणि घाट

परवाच्या रविवारी पुतण्याच्या गाडीतून सहकुटुंब पन्हाळ्याला निघालो. गाडीच्या इंजिनात त्याने हौसेने बरेच फेरफार केलेले. वाघबीळ मागे पडले, चढ लागला आणि इंजिन खडखडू लागले. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, आवाज तर झकास येतोय की!’’

आम्हा कोल्हापूरकरांना इंजिनाचे वेड जुनेच. उद्यमनगरातला मिस्त्री कानाने कार्बोरेटर जुळवायचा आणि ते जमायचेही. पण आजच्या इंजिनात किती पेट्रोल सोडायचे, ठिणगी केव्हा टाकायची, हे संगणक ठरवतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. भाराखाली पेट्रोल कमी पडले किंवा ठिणगी फार लवकर पडली, तर पिस्टनच निकामी होतो. कानाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. डायनोच्या रोलरवर मात्र गाडी जागच्या जागी धावते आणि चाकांपर्यंत खरोखर किती ताकद पोचते, ते आकड्यांत दिसते. जाणकार ते पाहून एकेक दोष काढतो.

म्हणून माझे म्हणणे, हौस करायची तर मोजून करा आणि ती शर्यतीच्या ट्रॅकवरच फेडा. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल रस्त्यावरच्या वाहनात चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावले आहे. शिवाय घाटाच्या वळणावर ताकदीपेक्षा ब्रेक आणि संयमच कामी येतो.

त्या दिवशी आम्ही गडावर पोचलो खरे, पण एस.टी.ने!