आधी सडा राखा, मग प्लॉट पाडा

"सडो पडीक आसा. पडान रवण्यापरास इकलेलो बरो." मालवण तालुक्यात हे वाक्य आता सर्रास ऐकू येते. चिपीचा विमानतळ 2021 मध्ये सुरू झाला, शेजारच्या गोव्यातला मोपाचा 2023 च्या जानेवारीत. आणि गावोगावच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या कातळी पठारांवर, प्लॉट आखणाऱ्या फक्कीच्या रेघा उमटू लागल्या. जमीन विकायला माझा विरोध नाही. ज्याची मुले पोटासाठी मुंबईला गेली, त्याला सड्याचे दोन पैसे मिळत असतील तर ते मिळालेच पाहिजेत. माझा विरोध आखणीच्या उलट्या क्रमाला आहे: आधी रस्ते, मग प्लॉट, आणि उरेल त्या कोपऱ्याला नाव 'मोकळी जागा'.

या क्रमाच्या समर्थकांचा पहिला मुद्दा असा, की कातळावर काही पिकत नाही, म्हणून तो निरुपयोगी. पिकत नसेल, पण मुरते. जांभा सच्छिद्र दगड आहे. सड्यावर पडलेला पाऊस त्याच्या भेगांतून उतरतो आणि पायथ्याच्या झऱ्यांना, वाडीतल्या विहिरींना पाणी देतो. वर सपाटीकरण करून काँक्रीट ओतले, की खालची विहीर लवकर तळ गाठते. नुकसान सोसणाऱ्याचे नाव मात्र सड्याच्या सातबाऱ्यावर कुठेच नसते. शिवाय गुरे चरतात ती सड्यावरच. याच तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावरची कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. पडीक म्हणून तिथे आधीच जेसीबी फिरला असता, तर यादीत काय गेले असते?

दुसरा मुद्दा कायद्याचा. 2020 च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत दहा टक्के मोकळी जागा सक्तीची आहे, आणखी काय हवे? पण ही सक्ती 0.4 हेक्टरपासून पुढे लागू होते. चाळीस गुंठ्यांच्या आतला आराखडा तिच्यातून सुटतो. आणि जिथे ती लागू होते, तिथेही तिची नजर क्षेत्रफळावर असते. राखलेल्या तुकड्यात झरा आहे की नुसता खड्डा, व्हाळाची वाट त्यातून जाते की प्लॉटच्या गडग्याखाली बुजते, हे दहा टक्के सांगत नाहीत.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार: जागा मोकळी सोडली तर मालक बुडतो. हिशेबच करून पाहू. दहा एकर म्हणजे 400 गुंठे. नेहमीच्या पद्धतीने नऊ-नऊ गुंठ्यांचे 36 प्लॉट पाडले की 324 गुंठे गेले, रस्त्यांना 36, मोकळे राहिले 40. आता तेच 36 प्लॉट चार-चार गुंठ्यांचे करा. 144 गुंठे लागले. रस्ते तेवढेच धरले तरी 220 गुंठे मोकळे राहतात, निम्म्याहून जास्त. घर एकही कमी झाले नाही. चार गुंठे म्हणजे 4,356 चौरस फूट. घर, खळे, तुळशीवृंदावन आणि चार माड त्यात मावतात. लहान प्लॉटचा भाव कमी येईल हे खरे. पण घरे जवळ आली की रस्ता, नळ आणि विजेचे खांब यांचा खर्चही घटतो, आणि घेणाऱ्याला दारासमोर कायमचा मोकळा सडा मिळतो. तो इथे येतो तेच मुळी त्यासाठी.

ही रीत नवीही नाही, परकीही नाही. अमेरिकेतले नियोजनकार रँडल अॅरंट यांनी 1996 च्या आपल्या ग्रंथात अशीच मांडणी केली: आधी राखायची जमीन, मग घरांच्या जागा, मग रस्ते आणि शेवटी हद्दी. आपल्या पूर्वजांनी नकाशा न काढता नेमके हेच केले होते. घरे वाडीत एकमेकांना लागून, खोलगट भागात भाताचा मळा, वर सडा, आणि किनाऱ्यावर रापण ओढायला मोकळी पुळण. आचऱ्याची गावपळण याच मोकळ्या जमिनीवर टिकली आहे. देव रामेश्वराचा कौल झाला की माणसे, गुरे, कोंबड्या वेशीबाहेर जातात आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांत राहतात. वेशीबाहेर कुंपणेच कुंपणे झाली, तर गाव पळून कुठे जाईल?

राखलेली जागा सांभाळणार कोण, असे विचारले जाते. प्लॉटधारकांची संस्था सांभाळील आणि ग्रामसभा लक्ष ठेवील. मात्र ती जागा पुन्हा विभागता येणार नाही, अशी नोंद पहिल्याच दिवशी सातबाऱ्याच्या इतर हक्कांत झाली पाहिजे. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देणे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये अवैध ठरवले. रहिवासी जागे राहिले, म्हणून ती जागा वाचली.

तेव्हा गावकऱ्यांना विनंती एकच. पुढचा आराखडा गावात आला, की प्लॉटचा दर नंतर विचारा. आधी नकाशावर झरा, व्हाळ, पाणंद, देवराई आणि गुरांची वाट दाखवायला सांगा. हे सगळे दाखवता येत नसेल, तर आराखडा परत पाठवा. विकलेला प्लॉट पुन्हा विकत घेता येतो. फोडलेला सडा पुन्हा सांधता येत नाही.