जुने स्पीकर विकताना जोडी फुटू देऊ नका

दिवाणखान्याच्या दोन कोपऱ्यांत वर्षानुवर्षे उभे असलेले दोन मोठे स्पीकर. घरच्या कर्त्या माणसाने हौसेने घेतलेले, कधी आखातातली नोकरी संपवून येताना सोबत आणलेले. रविवारी सकाळी भीमसेन जोशींची रेकॉर्ड लागली की शेजारीही दार उघडे ठेवत. आता ते ऐकणारे राहिले नाहीत. मुलगा परगावी असतो. दिवाळीची साफसफाई निघाली की तो फोनवर म्हणतो, "आई, ते ठोकळे भंगारवाल्याला देऊन टाक ना. किती जागा अडते!"

आईच्या मनाला ते पटत नाही. पण त्या वस्तूचे मोल काय, हे तिला तरी कुठे ठाऊक असते? भंगारवाला वजनावर भाव सांगतो आणि व्यवहार उरकतो. अशी घाई अनेक घरांना महागात पडली आहे.

टीव्ही किंवा मोबाइल काही वर्षांत जुनाट ठरतो. चांगल्या स्पीकरचे तसे नाही. लाकडी पेटी, चुंबक, तारेचे वेटोळे आणि कोन एवढाच त्याचा संसार. नीट सांभाळला तर तो वीस-तीस वर्षेही उत्तम वाजतो. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात स्वतःच्या कामासाठी आखलेल्या 'एलएस ३/५ए' या लहानशा स्पीकरच्या जुन्या जोड्या शौकीन लोक आजही शोधत असतात. मात्र भाव मिळतो तो जोडीला, आणि तीही पूर्ण असेल तर.

आधी ओळख पटवून घ्या

पेटीच्या मागे लेबल असते. त्यावरचे कंपनीचे नाव, मॉडेल आणि क्रमांक दोन्ही पेट्यांवरून उतरवून घ्या. मग कपाटे, माळा धुंडाळा. खरेदीची पावती, माहितीपुस्तिका, पुढच्या जाळ्या, स्टँड, मूळ खोके, जे सापडेल ते एकत्र ठेवा.

'बोस ९०१' चेच उदाहरण घ्या. अमेरिकेत स्थायिक झालेल्या बंगाली क्रांतिकारकाचे पुत्र अमर बोस यांच्या कंपनीने तो १९६८ मध्ये बाजारात आणला. त्याच्या प्रत्येक पेटीत नऊ लहान स्पीकर असतात. त्यांतला एकच ऐकणाऱ्याकडे तोंड करून, बाकीचे आठ मागच्या भिंतीकडे. त्याच्यासोबत इक्वलायझरची एक छोटी डबी येते आणि तिच्याशिवाय त्याचा आवाज अगदीच फिका पडतो. ही डबी एखादा जुना रेडिओ समजून रद्दीत गेली, तर जोडीची किंमत लगेच खाली येते.

खोट लपवू नका

आता जाळी अलगद काढून पाहा. जुन्या अनेक स्पीकरांत कोनाभोवती फोमची कड असते. आपल्या दमट हवेत ती दहा-पंधरा वर्षांत भुगा होऊ लागते. हे दुरुस्त होते; जाणकार कारागीर नवी कड चिकटवून देतो. पण कोन बदलून भलताच बसवू नका. मधल्या लहान घुमटीला बोट लावू नका आणि कोनावर ओले फडके फिरवू नका.

पेटीचा तळही पाहा. फरशी पुसताना रोज पाणी लागून भुशाच्या फळीचा तळ फुगतो. वाळवीही तिथूनच शिरते.

नंतर दोन्ही स्पीकर वाजवून बघा. एकाचा आवाज खरखरत असेल, तर डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करा. खरखर त्याच पेटीत राहिली तर दोष स्पीकरचा. दुसऱ्या पेटीत गेली तर तो अँप्लिफायरचा किंवा तारेचा. एवढ्या साध्या तपासणीने चांगल्या स्पीकरवर नसलेल्या दोषाचा शिक्का बसत नाही.

जे दोष सापडतील ते आधीच सांगा. शौकीन गिऱ्हाईक जाळी काढून बघणारच. त्याला स्वतःला सापडलेला एक दोष, तुम्ही सांगितलेल्या तीन दोषांपेक्षा जास्त भाव पाडतो.

भाव आणि व्यवहार

खरेदीच्या वेळचा आकडा विसरा, आणि आठवणींचीही किंमत लावू नका. त्याच मॉडेलच्या जोड्या सध्या कितीला जातात, हे दोन-तीन ठिकाणी विचारा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लजपतराय मार्केट, चेन्नईची रिची स्ट्रीट इथे चौकशी करता येते. दुकानदाराला स्वतःचा नफा ठेवायचा असल्याने तो कमीच सांगणार, हे धरून चाला.

गिऱ्हाइकाला घरी बोलवायचे तर दिवसा, घरात दुसरे कोणी असताना बोलवा. त्याला त्याच्या आवडीचे गाणे ऐकू द्या. "एकच पेटी द्या" म्हणणाऱ्याला स्पष्ट नकार द्या. उरलेल्या एकट्या पेटीला कोणी विचारत नाही.

आणखी एक सावधगिरी. न पाहताच सौदा पक्का करणारा, "पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका" म्हणाला, तर फोन ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पैसे खात्यात जमा झाल्याची खात्री झाल्यावरच वस्तू हलवा, आणि दोन्ही क्रमांक लिहून पावती करा.

खरे तर या सगळ्याची सुरुवात फार आधी व्हायला हवी. कोणती तार कुठे जोडायची, कोणती डबी कशाची, काय कधी दुरुस्त केले, हे सारे ऐकणाऱ्याच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबरच जाते. ज्या घरात तो माणूस अजून आहे, तिथे या रविवारी त्याच्याजवळ बसा, त्याच्या आवडीची रेकॉर्ड लावा आणि एका कागदावर हे उतरवून घ्या. तो कागद माहितीपुस्तिकेत ठेवा. स्पीकर पुढे विकले जातील किंवा नातवाच्या खोलीत जातील; पण निदान कोणी त्यांना ठोकळे तरी म्हणणार नाही.